साधन गुप्ता आणि अंधांचा कामाचा हक्क

(बोरी अरब, जि. यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण एका दृष्टिहीन लोकप्रतिनिधीचे स्मरण करण्यासाठी जमलो आहोत. साधन गुप्ता हे नाव दारव्हा तालुक्यात फारसे कुणाच्या कानावर आलेले नसेल. ते कलकत्त्याचे, व्यवसायाने वकील आणि पक्षाने कम्युनिस्ट. त्यांच्या पक्षाशी आपल्या चळवळीचे मतभेद जुने आहेत आणि ते झाकून ठेवण्याचे काही कारण नाही. परंतु कामाच्या हक्कासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याचा ऋणनिर्देश करताना पक्षाचा शिक्का आधी तपासावा, अशी शिकवण आपल्याला कोणी दिलेली नाही.

साधन गुप्तांचा जन्म १९१७ सालचा. बालपणीच देवीच्या रोगाने त्यांची दृष्टी गेली. कलकत्त्याच्या अंधशाळेत त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले. पुढे ते डोळस विद्यार्थ्यांच्या बरोबरीने महाविद्यालयात शिकले आणि इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. १९५३ मध्ये श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्या निधनाने कलकत्ता आग्नेय या मतदारसंघाची जागा रिकामी झाली. तेथील पोटनिवडणूक जिंकून गुप्ता लोकसभेत गेले. स्वतंत्र भारताच्या संसदेतील ते पहिले दृष्टिहीन सभासद. १९५७ मध्ये कलकत्त्यातूनच ते पुन्हा निवडून आले आणि १९६९ मध्ये पश्चिम बंगालच्या विधानसभेचे सभासद झाले. १९८६ मध्ये त्या राज्याचे महाधिवक्ता म्हणून त्यांची नेमणूक झाली. अंधांच्या शिक्षणाच्या आणि रोजगाराच्या चळवळीशी ते शेवटपर्यंत निगडित राहिले. १९ सप्टेंबर २०१५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, अशा माणसाचा गौरव करण्याची आपल्याकडे एक ठरलेली तऱ्हा आहे. त्याच्या धैर्याचे, जिद्दीचे वर्णन करावयाचे, त्याला प्रज्ञाचक्षू म्हणावयाचे, शाल आणि श्रीफळ द्यावयाचे आणि समाधानाने घरी जावयाचे. या तऱ्हेत एक सोय दडलेली आहे. एकाला असामान्य ठरविले की उरलेल्या सर्व सामान्य अंधांची जबाबदारी आपोआप टळते. 'ते मोठे होते म्हणून त्यांना जमले' असे म्हटले, म्हणजे ज्याला जमले नाही त्याचा दोष त्याच्याच माथी जातो. साधन गुप्ता बुद्धिमान होते यात शंका नाही. पण त्यांना शाळा मिळाली, महाविद्यालय मिळाले, वकिलीची सनद मिळाली आणि मतदारांनी विश्वास दिला, म्हणून त्या बुद्धीचे चीज झाले. आपल्या खेड्यापाड्यांतील किती अंध मुलांच्या वाट्याला यांपैकी पहिली गोष्ट तरी येते? म्हणून त्यांच्या स्तुतीत वेळ न घालवता, ज्या प्रश्नाला त्यांनी हात घातला त्या प्रश्नाचे आज काय झाले, याचा हिशेब मांडणे हाच त्यांचा खरा गौरव होईल, असे मला वाटते.

प्रथम अंधत्वाबद्दलच दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या समाजात अंधत्व हे पूर्वकर्माचे फळ मानले जाते, आणि फळच म्हटल्यावर त्याबद्दल दया करता येते, जाब विचारता येत नाही. वस्तुस्थिती काय आहे? साधन गुप्तांचे डोळे देवीने नेले. त्याच देवीचे भारतातून १९७५ नंतर उच्चाटन झाले. म्हणजे लस घरोघर पोहोचविण्याचा निश्चय झाला तेव्हा हे 'दैव' बदलले. दुसरे उदाहरण आपल्याच समाजवादी चळवळीतील आहे. रेव्याचे यमुनाप्रसाद शास्त्री १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात सामील झाले. पोर्तुगीज पोलिसांच्या मारहाणीत त्यांच्या डोळ्यांना इजा झाली आणि पुढे त्यांची दृष्टी गेली. गोव्याच्या भूमीसाठी डोळे गमावलेला हा विंध्य प्रदेशचा साथी १९७७ मध्ये रेवा संस्थानच्या माजी महाराजांचा पराभव करून लोकसभेत गेला, आणि १९८९ मध्ये पुन्हा निवडून आला.

तिसरे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतमजुरांना विषबाधा झाली. अनेकजण प्राणास मुकले आणि काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला. तोंडाला फडके, पाठीवर पंप आणि डोक्यापेक्षा उंच वाढलेली कपाशी; त्या मजुराचे डोळे कोणत्या पूर्वकर्माने गेले? हेलन केलर यांना जग दयाळूपणाची मूर्ती म्हणून ओळखते. त्या समाजवादी पक्षाच्या सभासद होत्या, हे मात्र पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. अंधत्वाच्या कारणांचा शोध घेताना त्यांना कारखान्यांतील असुरक्षित काम, दारिद्र्य आणि त्यातून येणारे रोग दिसले, आणि त्या शोधाने त्यांना समाजवादाच्या वाटेवर आणून सोडले. तेव्हा अंधत्वाचा मोठा भाग समाजाने निर्माण केलेला आहे. जे समाजाने हिरावले त्याची भरपाई भिक्षेने होत नाही. ते ऋण आहे आणि ते कामाच्या रूपाने फेडावे लागते.

ही मागणी जुनी आहे. १९२० च्या एप्रिल महिन्यात इंग्लंडमधील अंध कामगार, त्यांच्या स्वतःच्या कामगार संघटनेच्या झेंड्याखाली, देशाच्या निरनिराळ्या भागांतून लंडनपर्यंत पायी चालत गेले. 'दान नको, न्याय हवा' ही त्यांची घोषणा होती. त्याच वर्षी तेथे अंधांसाठी कायदा झाला. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर धर्मादाय संस्थांनी या क्षेत्रात मोठे काम केले. मुंबईत १९५२ मध्ये राष्ट्रीय अंध संघटना म्हणजे 'नॅब' स्थापन झाली. पुण्यातील अंधशाळा तर त्याही आधीची, १९३४ ची. या संस्थांनी ब्रेल शिकविली आणि हातांना हुन्नर दिले. त्याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. परंतु हुन्नर कोणते? वेताच्या खुर्च्या विणणे, मेणबत्त्या आणि खडू तयार करणे, दूरध्वनीच्या पाटीवर बसणे. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, दूरध्वनी आपोआप जोडले जाऊ लागले आणि ही कामेही आटली. धर्मादाय संस्था हात शिकवू शकते, पण सरकारी खात्यात जागा निर्माण करू शकत नाही. ते काम राज्यसंस्थेचे आहे. आपल्या संविधानाच्या ४१ व्या कलमाने कामाचा हक्क आणि अपंगत्वात साहाय्य या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगितल्या आहेत. घटनाकारांना त्यांत विरोध दिसला नव्हता.

१९७७ मध्ये केंद्र सरकारने क आणि ड गटांतील नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखून ठेवल्या. त्यांतील एक टक्का अंधांचा होता. आदेश निघाला, परंतु जागा भरेनात. तेव्हा राष्ट्रीय दृष्टिहीन महासंघाच्या नेतृत्वाखाली अंध तरुण दिल्लीच्या रस्त्यावर उतरले. १६ मार्च १९८० रोजी त्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठी चालविली. लाठी कोणत्या बाजूने येते आहे हेही ज्यांना दिसत नव्हते, त्यांच्यावर ती चालली. तो दिवस आपण विसरता कामा नये, कारण अंधांना आज जे काही मिळाले आहे ते सरकारच्या करुणेने मिळाले, असा एक समज हेतुपूर्वक पसरविला जातो.

त्यानंतरचा प्रवासही लढूनच झाला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला अंध उमेदवारांना ब्रेलमध्ये लिहून किंवा लेखनिक घेऊन बसता यावे, हे १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून मिळवावे लागले. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने तीन टक्के आरक्षणाला प्रथमच कायद्याचा आधार दिला. मग खात्यांनी एक युक्ती काढली. ती समजावून घेण्यासारखी आहे, कारण अशा युक्त्या केवळ दिल्लीतच चालतात असे नाही. समजा, वरच्या अ आणि ब गटांत एक हजार जागा भरावयाच्या आहेत. एक टक्का म्हणजे दहा जागा अंधांच्या. परंतु खाते आधी ठरविते की अंधांना झेपतील अशा 'सुनिश्चित' जागा शंभरच आहेत, आणि टक्का त्या शंभरावर मोजते. दहाची एक झाली. त्या एका जागेवरही 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असा शेरा मारला की शून्य झाले. कायदा कागदावर जसाच्या तसा आणि जागा रिकामी.

या हिशेबाविरुद्ध महासंघ न्यायालयात गेला. त्याची बाजू मांडली ती संतोषकुमार रुंगटा या स्वतः दृष्टिहीन असलेल्या ज्येष्ठ वकिलांनी. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आरक्षण संवर्गातील एकूण रिक्त जागांवर मोजले पाहिजे, केवळ सुनिश्चित पदांवर नव्हे. २०१६ च्या नव्या कायद्याने प्रमाण चार टक्के केले आणि त्यांत अंध व अल्पदृष्टी व्यक्तींचा एक टक्का कायम ठेवला. जागा एका वर्षी भरली नाही तर ती पुढच्या वर्षी न्यावी. तेव्हाही पात्र उमेदवार नसेल तर अन्य प्रकारच्या अपंग व्यक्तीला द्यावी. आणि तोही नसेल तरच इतरांना द्यावी, असा क्रमही या कायद्याने घालून दिला.

तरीही अडवणूक थांबली नाही. आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील २०१६ मध्ये नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्यांना रेल्वेची लेखा सेवा मिळाली, आणि पूर्ण अंधत्वाचे कारण सांगून रेल्वेने त्यांना घेण्याचे नाकारले. पुढच्याच परीक्षेत त्या अधिक वरचा क्रमांक मिळवून भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि केरळात उपजिल्हाधिकारी झाल्या. जी व्यक्ती रेल्वेचे हिशेब तपासण्यास अपात्र ठरविली गेली, ती महसूल विभाग चालविण्यास पात्र ठरली! मध्य प्रदेशात दृष्टिहीनांना न्यायाधीश होण्यास मनाई करणारा नियम होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२५ रोजी रद्द केला. साधन गुप्ता एका राज्याचे महाधिवक्ता झाले त्याला तोपर्यंत एकोणचाळीस वर्षे होऊन गेली होती. एका माणसाच्या कर्तृत्वाने दरवाजा आपोआप उघडा राहत नाही, हे यावरून कळावे. प्रत्येक पिढीला तो नव्याने ढकलावा लागतो.

आता आपल्यातच जे प्रश्न विचारले जातात त्यांचा विचार करू. पहिला प्रश्न असा : अंध माणूस कागद वाचणार कसा? याचे उत्तर साधे आहे. मंत्र्यापुढे फाईल येते तेव्हा सचिव तिचे सार सांगतो. मोठ्या वकिलाला त्याचा कनिष्ठ सहकारी निवाडे काढून देतो. या साहाय्याला कोणी परावलंबन म्हणत नाही. मग अंध कारकुनाने तेच साहाय्य मागितले की ती सवलत कशी होते? शिवाय संगणकाने पुष्कळ अडचणी दूर केल्या आहेत. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी 'एनव्हीडीए' ही प्रणाली २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी सुरू केली आणि ती सर्वांना विनामूल्य दिली. मराठी मजकूरही तिच्याकडून ऐकता येतो. अडचण डोळ्यांची उरलेली नाही. कार्यालयाने कागद छायाचित्राच्या रूपात न ठेवता वाचता येईल अशा रूपात ठेवावा, एवढीच आता अपेक्षा आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो आपलेच कार्यकर्ते विचारतात. धडधाकट तरुणांना काम नाही, पदवीधर मुले कपाशी वेचायला जातात; मग अंधांसाठी काम कोठून आणावयाचे? साथींनो, हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो, हताशा असते. परंतु ही हताशा आपण मान्य केली तर आपल्या विचाराचा पायाच ढासळेल. काम ही थोड्यांमध्ये वाटावयाची खिरापत आहे, असे आपण कधीच मानले नाही. याच महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७२ च्या दुष्काळात तिने लाखो हातांना काम दिले, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि शहरातील नोकरदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातील मजुरीचा पैसा उभा राहिला. मागेल त्याला काम, हे तत्त्व त्या कायद्याने देशाला शिकविले. 'मागेल त्याला' या शब्दांत डोळे असण्याची अट नाही. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याखालील सूचनांतही, कामावर पाणी पाजणे, मजुरांची मुले सांभाळणे, रोपांची निगा राखणे अशी कामे अपंगांना देण्याचे सांगितले गेले होते. अंधांचा एक टक्का हा डोळसांच्या ताटातून काढलेला घास नाही. सर्वांनाच काम मिळाले पाहिजे या मागणीची ती कसोटी आहे. जी व्यवस्था सर्वांत मागे राहिलेल्याला काम देऊ शकत नाही, ती मधल्यालाही फार काळ देणार नाही.

याचा पुरावा हवा असेल तर कंत्राटी भरतीकडे पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी नोकरभरती करण्याचा निर्णय काढला. राज्यभर तरुणांत संताप उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. त्या संतापात अंध आणि डोळस यांचे हित एकच होते. कारण पद कायम असेल तर बिंदुनामावली असते, बिंदुनामावली असेल तर राखीव जागा असते आणि ती भरली नाही तर अनुशेष दाखवावा लागतो. पदच कंत्राटदाराच्या हाती गेले की ही सर्व साखळी तुटते. खाजगी कारखानदारांच्या बाबतीत तर २०१६ चा कायदा पाच टक्के अपंग कर्मचारी ठेवणाऱ्यांना उत्तेजन द्यावे, एवढेच सांगून थांबतो. उत्तेजनावर विसंबून कोणत्या मालकाने न्याय केला आहे?

आकडेवारीही ध्यानात घ्या. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या पन्नास लाखांवर होती. सर्व प्रकारच्या अपंगांत काम करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे छत्तीस टक्के होते, आणि स्त्रियांत ते तेवीस टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे अंध स्त्री ही दुहेरी अंधारात आहे. तिला शिक्षणाचे दार उशिरा उघडते आणि कामाचे दार बहुधा उघडतच नाही. गेल्या दशकात सरकारने अपंगांना 'दिव्यांग' हे नवे नाव दिले. महाराष्ट्राने २०२२ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला. त्याचे स्वागत करू. परंतु नाव दिव्य झाले आणि जागा रिक्तच राहिली, तर त्या नावाचे करावयाचे काय?

शेवटी, बोरी अरबसारख्या गावात बसून आपण काय करू शकतो ते सांगतो. पहिली गोष्ट, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्च केले पाहिजेत असा राज्याचा आदेश आहे. तो निधी किती जमला आणि कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. त्यातून केवळ वस्तू वाटल्या गेल्या की उपजीविकेचे साधन उभे राहिले, हेही विचारा. दुसरी गोष्ट, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित संस्था यांत अंधांसाठी राखीव जागा किती, भरल्या किती आणि अनुशेष किती, याची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवा. एका अर्जाने सत्ता हलत नाही, परंतु प्रत्येक तालुक्यातून असा अर्ज गेला तर बिंदुनामावलीवरची धूळ निश्चित झटकली जाईल. तिसरी गोष्ट, गावातील अंध मुलगा किंवा मुलगी शाळेत जाते की नाही, तिच्याकडे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे की नाही, याची नोंद कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन घ्यावी. परीक्षेच्या वेळी लेखनिक मिळत नाही म्हणून वर्ष वाया जाऊ नये. आपल्या युवक साथींनी लेखनिक म्हणून नावे द्यावीत. चौथी गोष्ट, ज्या मजुराची दृष्टी कामावर असताना गेली, त्याची बाजू घेऊन भांडावे. सरकारी नोकराचे अपंगत्वामुळे काम काढून घेता येत नाही, असे कायदा सांगतो. शेतमजुराला मात्र असे कोणतेही कवच नाही. ते मिळविणे ही आपली लढाई आहे.

साथींनो, साधन गुप्तांना मतदारांनी निवडून दिले तेव्हा त्यांनी दया केली नव्हती. आपले म्हणणे हा माणूस सभागृहात नीट मांडील, एवढ्याच विश्वासाने त्यांनी मत दिले. अंध कारकुनाला, शिक्षकाला, मजुराला समाजाकडून तेवढाच विश्वास हवा आहे. यवतमाळच्या कार्यालयात एखादी अनुशेषाची जागा भरून तिच्यावर दृष्टिहीन तरुणाची नेमणूक होईल आणि तो महिन्याच्या अखेरीस स्वतःच्या कमाईचा पगार घरी नेईल, त्या दिवशी आपण त्यांना खरी आदरांजली वाहिली असे होईल. आजच्या सभेनंतर त्या कामाला लागू या. जय हिंद!